कमळजेची हजेरी

भाविकहो, दयागीर महाराजांचा चातुर्मास त्या वर्षी निवळी गावी होता. मारुतीच्या देवळातली धाकटी ओवरी महाराजांनी मुक्कामाला घेतली. थोरल्या ओवरीत गावची शाळा भरे. मुलांच्या कालव्याने जपात व्यत्यय येईल, दुसरीकडे सोय करतो, असे गावकऱ्यांनी विनवून पाहिले. महाराज हसून म्हणाले, "जप माझा आहे, देऊळ मुलांचंही आहे."

शाळेचे मास्तर विसाजीपंत देवळे विद्वान खरे, पण नाकावर माशी बसू न देणारे. त्यांच्या पटावर सत्तावीस नावे होती आणि त्यांतले सत्ताविसावे त्यांना कुसळासारखे खुपत होते. ते होते भिमाई कासारणीच्या कमळजेचे.

कमळजा नऊ वर्षांची. ती कुणाकडे पाहून बोलत नसे. आईने पेटी उघडली की बांगड्यांची रंगारंगाने ओळ लावी आणि एक बांगडी कुणी हलवली तरी आकांत मांडी. शाळेत परवचा सुरू झाला, पाढ्यांचा गजर उठला, की दोन्ही कान गच्च दाबून गुणगुणत राही. आज अशा लेकरांना आपण स्वमग्न म्हणतो, त्यांना शिकवायच्या रीतीही निघाल्या आहेत. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच शब्द होता, वेडी.

मास्तरांना मात्र ती वेडी नव्हे, उर्मट वाटे. त्याला कारण हजेरी. मास्तर पुकारत, "कमळजा धोंडीराम कासार!" बाकीची मुले आपापल्या नावाला 'हजर' म्हणत. ही मात्र मास्तरांच्याच करड्या आवाजात, त्यांच्याच ठसक्यात परत म्हणे, "कमळजा धोंडीराम कासार!" वर्ग खो खो हसे. कासाराची पोर आपल्याला वेडावते, हे मास्तरांच्या मनाने घेतले ते घेतलेच. 'हजर' म्हणेपर्यंत हजेरी नाही, असे ठरवून ते रोज तिच्या नावापुढे फुली मारू लागले. महिनाभर गैरहजर राहील त्याचे नाव पटावरून कमी, असा नियम होता. पोर समोर चटईवर बसलेली, आणि वहीत महिनाभर गैरहजर! केवढी ही विद्वत्ता!

महिना भरला त्या दिवशी भिमाई बांगड्यांची पेटी घेऊन थोरल्या ओवरीच्या पायरीशी आली. बाई महाराजांची निष्ठावंत भक्त. रोज सकाळी देवळाचे अंगण झाडून मग गावोगाव बांगड्या भरायला जाई.

"गुरुजी, पोरीचं नाव काढू नका," ती म्हणाली. "शाळा न्हाई तर तिला घरी खांबाला बांधून जावं लागंल. दोन वरसं तसंच केलंय म्या. दोरीचा वळ अजून हाय तिच्या कमरंला."

"मग बांधा की," मास्तर म्हणाले. "गुरं बांधूनच ठेवतात, शाळेत आणत नाहीत."

मुले हसली. बोलून गेल्यावर ते वाक्य मास्तरांच्या स्वतःच्याच कानाला बोचले. पण माघार घेतील तर ते देवळे कसले? डोळे मिटून भिमाईने महाराजांच्या ओवरीकडे हात जोडले.

खडावा वाजल्या आणि महाराज शाळेत आले. म्हणाले, "पंत, आज हजेरी मी घेतो. तुम्ही मुलांत बसा."

बैराग्याला हजेरीतले काय कळणार, असे मास्तरांच्या मनात आले. पण महाराजांना नाही कोण म्हणणार? ते कमळजेशेजारच्या रिकाम्या जागी जाऊन बसले. महाराजांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला मात्र, आणि काय नवल सांगावे! मुलांची कुजबुज, आढ्यावरच्या चिमण्या, भिमाईच्या पेटीतली किणकिण, सगळे एकदम कानांवर आदळू लागले, जणू तांबटआळीच कानात भरली. मास्तरांनी कान दाबून धरले.

महाराजांनी वही उघडून पुकारले, "विसाजी नारायण देवळे."

'हजर' हा शब्द मास्तरांच्या जिभेवर होता. तोंडातून आले ते, "विसाजी नारायण देवळे." तेही महाराजांच्याच आवाजात. वर्ग फुटून हसला. महाराजांनी पुन्हा पुकारले, पुन्हा तेच झाले. मास्तर जीव तोडून 'हजर' म्हणू पाहत होते आणि त्यांचेच नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडत होते. अशा वेळी हसायला त्यांनीच मुलांना शिकवले होते. मेल्याहून मेल्यासारखे झाले त्यांना. एक कमळजा तेवढी हसत नव्हती. कान दाबून ती गुणगुणत होती, आणि एवढ्या गोंगाटात तेवढाच एक आवाज मास्तरांना सोसत होता.

"पंत, फुली मारू?" महाराजांनी विचारले.

मास्तरांनी भरल्या डोळ्यांनी मान हलवली, नको.

"तुम्ही इथं आहात, हे मला दिसतं आहे. तीही तुम्हाला दिसतच होती. तुम्ही नाव दिलंत, तिनं नाव परत दिलं. तिचं 'हजर' ते हेच."

महाराजांनी पुन्हा मस्तकावर हात ठेवला, गोंगाट शमला आणि वाचा मोकळी झाली. पण मास्तरांची मान वर होईना. पोर वेडावत नव्हती. तिच्या तोंडून महिनाभर ते आपलाच तुसडेपणा ऐकत होते. आणि आईला काय बोललो आपण? गुरं! भिमाईकडे पाहायची त्यांची छाती होईना. ते महाराजांच्या पायांवर कोसळणार तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"परवचा जरा हळू म्हणवा, तिचे कान दुखतात. तिची बसायची जागा रोज तीच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, कळेपर्यंत सांगा. आणि पाया पडणं मागाहून, पंत. एक नाव पुकारायचं राहिलं आहे."

मास्तरांनी वही घेतली. "कमळजा..." म्हणताना त्यांना हुंदका आला. सावरून ते म्हणाले, "धोंडीराम कासार."

कमळजेने वर पाहिले नाही. ती पाटीवरच्या पेन्सिलींची ओळ लावत होती. ओळ पुरी झाल्यावर ती म्हणाली, "कमळजा..." आणि नेमक्या त्याच जागी, तसाच हुंदका देऊन, "धोंडीराम कासार."

कुणी हसले नाही. मास्तरांनी महिन्याभराच्या फुल्या एकेक करून खोडल्या, प्रत्येकीवर 'हजर' लिहिले, आणि वही मिटून त्या मायलेकींपुढे जमिनीला कपाळ टेकले.