सावलीची मालकी

गेमचा शेवटचा दरवाजा उघडण्यासाठी मल्हारने कंपनीला आपली सावली विकली. तेव्हापासून तो उन्हात काचेसारखा पारदर्शक दिसू लागला, आणि पुढे कंपनीने गेमच बंद केला.

त्याची बहीण ऋजुता थेट कंपनीच्या मालकाकडे गेली. त्याच्या दालनात भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या सावल्या मूकपणे वळवळत होत्या.

“गेम बंद केलात, आता सावली परत द्या.”

मालक हसला. “अटी वाचल्या नाहीस, बाळ? वस्तू कायम विकणाऱ्याचीच राहते. घेणाऱ्याला नुसती वापरायची परवानगी, तीही विकणारा हवं तेव्हा काढून घेतो. तसाच आम्ही गेम काढून घेतला.”

“नियम पक्का?”

“काळ्या दगडावरची रेघ!”

“मग सावलीही विकणाऱ्याचीच. मल्हारने तुमची परवानगी काढून घेतली आहे.”

खिळे गळू लागले. मल्हारची सावली ऋजुताच्या पायाशी आली. बाकीच्या सावल्या मात्र घरी जाण्याआधी मालकाकडे सरकल्या.