सैन्य न मागणारा दूत

एकदा एका लहानशा राज्याच्या किल्ल्याला बलाढ्य शत्रूने वेढा घातला. आत जेमतेम महिन्याचे धान्य उरले होते. तेव्हा राजाने आपल्या वृद्ध अमात्यांना रातोरात चोरवाटेने शेजारच्या मित्रराजाकडे सैन्य मागायला धाडले. सोबत त्यांचा शिष्य मेघश्याम होता. साऱ्या वाटेने त्याने घोडा भरधाव दौडवला. एकेक दिवस मोलाचा होता!

पण मित्राच्या राजधानीत पोहोचल्यावर अमात्य दरबारात गेलेच नाहीत. दोन दिवस ते घोडेबाजारात आणि पाणवठ्यांवर लोकांशी बोलत बसले. मेघश्याम नुसता चरफडत होता.

तिसऱ्या दिवशी ते दरबारात गेले. राजा अवघडून बसला होता, सरदारांच्या कपाळांना आठ्या होत्या. अमात्य हात जोडून म्हणाले, "महाराज, आम्हांला आपले सैन्य नको."

मेघश्यामच्या पायांखालची जमीनच सरकली.

"विनंती एवढीच," अमात्य पुढे म्हणाले, "तोंडावर आलेल्या दसऱ्याची आपली लष्करी कवायत दरवर्षी राजधानीत होते, ती यंदा उत्तर सीमेवर व्हावी."

त्या सीमेपलीकडे शत्रूचा मुलूख होता. राजाचा चेहरा एकदम उजळला. ज्येष्ठ सरदाराने विचारले, "आपल्याच हद्दीत ना? मग आमची हरकत कसली!"

आठ दिवसांत पाच हजार घोडेस्वार सीमेवर उतरले. नगारे दणाणले, धुळीचे लोट आभाळाला भिडले. शत्रूला वाटले, आपल्या राजधानीवरच चाल होणार! वेढा उठवून तो धावतपळत माघारी फिरला.

अमात्य आणि मेघश्यामही कवायतीसोबत सीमेवर आले होते. वार्ता तिथल्या छावणीत येताच मेघश्यामला आनंद आवरेना. "पण आचार्य, राजा मित्र असताना आपण सैन्य का नाही मागितले?"

"गेल्या वर्षी दुसऱ्याच्या युद्धात इथले तीनशे तरुण पडले. घरोघरी त्याचा राग आहे. सैन्य परमुलखात पाठवले असते, तर सरदार उलटले असते. राजाचे मन आपल्याकडेच होते, बाळा. पण जाब त्याला आपल्या माणसांना द्यायचा होता. जे दिल्यावर मित्राला घरी मान खाली घालावी लागणार नाही, तेच मागावे."

"धन्य तो राजा! आपल्या नगरात दवंडीच पिटवू, की यांनी आपल्याला वाचवले!"

अमात्यांनी छावणीकडे बोट दाखवले. मेघश्याम थबकला. समोर घोडेस्वार हसतखेळत परतीची तयारी करत होते. साऱ्यांना आपापल्या घरी जायचे होते.

"नको," तो हळूच म्हणाला. "ती दवंडी यांच्या घरांतही ऐकू जाईल."