भानुमतीचा तांबडा रंग

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात भानुमती नावाची गायिका होती. ऐन तारुण्यापासून ती दरबारात गात आली होती. पन्नाशी उलटली आणि एका हिवाळ्यात तिचा आवाज बसला, तो कायमचाच. वैद्यांचे काढे झाले, नवस झाले. अखेर राजानं मानाची साडीचोळी देऊन तिला निरोप दिला.

गावी परतल्यावर चार दिवस लोक भेटायला आले. मग येईनासे झाले. पोट मात्र रोजचंच होतं. शेजारी गिरजा नावाची रंगारीण राहायची. वयानं ती भानुमतीहून बरीच लहान.

"गिरजा, मला तुझं काम शिकवशील?"

"शिकवीन की, अक्का. पण आधी कापड धुवायचं. खळ निघाली नाही, तर रंग धरत नाही."

धुवायचं ते नदीवर, भर दिवसा, साऱ्या गावासमोर. भानुमतीच्या जिवावर आलं. तिनं कापड परसातल्या घंगाळात बुचकळलं आणि "धुतलं" म्हणून आणून दिलं. तो एका नवरीचा शेला होता. रंगाच्या कढईतून बाहेर काढला, तर जागोजागी पांढुरके डाग!

गिरजानं विचारलं, "अक्का, नदीवर गेला होतात ना?"

भानुमतीनं मान खाली घातली. "नाही गेले. लोक बघतील म्हणून."

"बघतील तर बघू देत. आता मांडवात सगळे त्या पोरीच्या अंगावरचे डाग बघतील."

भानुमती उठली. तिनं शेल्यासाठी नवं कापड उचललं आणि तडक घाट गाठला. पाण्याला आलेल्या बायका कुजबुजल्या, "दरबारात गाणारी ती हीच ना?" तिचे कान तापले. पण पाणी नितळ निघेपर्यंत ती कापड आपटत राहिली.

शेला एकसारखा तांबडाभडक उतरला. लग्नही वेळेवर लागलं.

पुढं घाटावर जायला तिला कधी लाज वाटली नाही. मंजिष्ठेच्या मुळ्या कुटणं, तुरटी विरघळवणं, आच सांभाळणं, एकेक करत ती सगळं शिकली. मंजिष्ठेत डाळिंबाची साल घालून तिनं स्वतःचा एक तांबडा रंग काढला. तो धुतला तरी उतरत नसे. दूरदूरचे व्यापारी माल न्यायला येऊ लागले. गिरजानं तिला धंद्यात भागीदार करून घेतलं.

एकदा जत्रेत एका म्हाताऱ्या दरबाऱ्यानं तिला ओळखलं. तो हळहळला, "काय गायचात बाई तुम्ही! आणि हे काय दिवस आले!"

भानुमती हसली. "दिवस चांगलेच आहेत, महाराज. हा शेला जरा उन्हात धरून बघा."

त्यानं शेला उन्हात धरला, निरखून पाहिला आणि दोन विकत घेतले.

तात्पर्य: नवं काम शिकताना वय आड येत नाही, आड येतो तो जुना मान.