सगळ्यांचे पाय मावतील एवढा गोळा

त्या राज्यात परवानगीशिवाय घरटं बांधता येत नसे. राज्य म्हणजे नदीवरचा एक उभा कडा आणि त्याच्या पायथ्याचं तळं. चिखल तळ्यात, जागा कड्यावर, आणि मध्ये परवानगी.

रीत जुनी होती. ज्याला बांधायचं त्याने ओल्या चिखलाचा गोळा आणायचा. पाण्याचा अधिकारी बगळा, त्याने त्यावर पायाचा ठसा द्यायचा. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या टिटवीने, मग कड्याची शोभा राखणाऱ्या मोराने. पण तिघे तीन ठिकाणी बसत. टिटवीकडे जावं तर ती माळावर गेलेली. मोर सापडेपर्यंत गोळा वाळून दगड होई, आणि वाळल्या गोळ्यावर ठसा उमटत नाही. पुन्हा तळं, पुन्हा बगळा.

त्या कड्यावर एक भिंगरी होती. भिंगऱ्या चिखल लिंपून घरटं करतात, दुसरं त्यांना येत नाही. गेल्या हंगामात तिचा मोराचा ठसा राहिला. तिने उघड्या कपारीवर अंडी घातली आणि वाऱ्याने अंडी नदीत लोटली. तिने ते कुणाला सांगितलं नाही. कड्यावर घरोघरी तेच झालं होतं.

ओरड वरपर्यंत पोचली आणि सुधारणा झाली. यापुढे तिन्ही अधिकारी एकाच खडकावर, एकाच वेळी बसतील. कावळ्याने हे कडाभर पुकारलं.

"यंदा छपराखाली निजशील," भिंगरीचा नवरा म्हणाला.

"आधी ठसे तर पडू देत," ती म्हणाली. तिच्या पोटात अंडं धरलं होतं.

दोघं चोचीत मावेल एवढा गोळा घेऊन खडकावर गेली. पूर्वी एकटा असताना प्रत्येक अधिकारी बोटाचं टोक टेकवून मोकळा होई. आता तिघे शेजारी शेजारी बसले होते. दुसऱ्यादेखत कमी पाय टेकवायला कुणी तयार होईना. बगळ्याने अख्खा पाय ठेवला, त्यावर टिटवीने, त्यावर मोराने. गोळ्याचं सारवण झालं.

"यात माझा ठसा कुठला?" टिटवीने विचारलं.

"मोरसाहेबांच्या टाचेखाली बघा," बगळा म्हणाला.

मोराला ते लागलं. त्याच बैठकीत नियम झाला, की गोळा सगळ्यांचे पाय शेजारी शेजारी मावतील एवढा हवा. गरुडाने तसला गोळा एका पंजात आणला आणि ऊन चढायच्या आत ठसे घेऊन गेला. कावळ्याने तेही पुकारलं, सुधारणा कशी चालते ते बघा म्हणून.

"कावळेदादा, एवढा गोळा आमच्या चोचीत मावत नाही," भिंगरीचा नवरा म्हणाला.

"मग नियम काय तुझी चोच बघून करायचा?"

दोघांनी खडकावरच गोळा रचायला घेतला, चोच चोच चिखल आणून. वरून लावावं तोवर खालचा थर सुके. तो भिजवायचा आणि पुढे लावायचं. उन्हाने तळं आत आत सरत होतं. उरलेल्या चिखलात गरुडाची माणसं उतरली होती. माणसं म्हणजे घारी, त्याचं काम करणाऱ्या.

"एवढ्या चिखलात घरटं झालं असतं," नवरा म्हणाला.

"बोलू नका. आणा."

गोळा झाला. तिघांनी पाय उमटवले, कुणाचा कुणावर पडला नाही. मंजुरी मिळाली तशी दोघं घरट्यासाठी चिखल आणायला तळ्यावर उतरली. तळ्याला भेगा पडल्या होत्या. चिखल उरला नव्हता. वर कड्यावर गरुडाचं बांधकाम सावली पाडत होतं.

"पाऊस पडला की बांधू," नवरा म्हणाला.

"अंड्याला सांगा तसं."

ती खडकावर परतली. गोळ्यावर बगळ्याचा ठसा सगळ्यांत खोल होता. ती त्यात बसली. अंडं तिथे झालं.

सकाळी अधिकारी आले. मागे रांग लागलेली होती. कावळा म्हणाला, "भिंगरीचा गोळा. आज पडताळणी. ज्याचा ठसा त्याने पाय पुन्हा आत ठेवून दाखवायचा. नवीन आहे, कालपासून."

"साहेब, आत अंडं आहे," नवरा म्हणाला.

"आम्ही जन्मभर उघड्यावरच घालतो," टिटवी म्हणाली. "तक्रार केली का कधी?"

"ऊठ बाई," मोर म्हणाला. "लोक खोळंबलेत."

भिंगरी उठली नाही. बगळ्याने मान वाकवून तिच्या पंखांखालून बाहेर आलेल्या बोटांच्या खुणा पाहिल्या. लांब, स्वच्छ खुणा. ठसा त्याचाच होता, त्यात शंका नव्हती. त्याने पाय उचलला.

ती पंख आणखी पसरून बसून राहिली.