अखंड दिव्याचं तेल

एका नगरात नळाचं पाणी कधी चुकत नसे. म्हणून सभापती धैर्यशीलराव म्हणाले, “पाणी बंदच पडत नाही, तर दुरुस्ती खातं हवं कशाला? दसऱ्यानंतर काढून टाका!”

फिटर नामदेवाची नोकरी जाणार होती. त्याची बायको सुंद्राबाई देवीचं नाव घेऊन सभापतींकडे हळदीकुंकवाला गेली. वहिनीसाहेब घटाजवळच्या अखंड दिव्यात तेल घालत होत्या.

“वहिनी, दिवा एकदाही विझला नाही ना? मग तेल कशाला?”

सभापती ओरडले, “अहो बाई, तेल घालतोय म्हणूनच तेवतोय! नवसाचा दिवा आहे तो!”

“नळाचंही तसंच, साहेब. आमचे हे रोज गळती काढतात, म्हणूनच पाणी चुकत नाही.”

सभापती वरमले आणि खातं वाचलं. देवी सुंद्राबाईला पावली, तशी राबणाऱ्या सगळ्या हातांना पावो.