सुभानजीची बैठक

फार मागची गोष्ट आहे. नक्की सांगायचे तर त्या गडाच्या राजाचे नववे वर्ष चालू होते, पौष महिना होता आणि खाली शिवारात हरभऱ्याला घाटे धरले होते.

त्या गडावर सुभानजी नावाचा बंदूकवाला होता. गडावर बंदुका चाळीस, पण नेमबाज म्हटले की लोक एकच नाव घेत. तो ताठ उभा राही, एकदा श्वास घेई आणि दरीपलीकडचे मडके फोडी. बंदूक त्याच्या बापाची होती. बापाने ती आयुष्यभर वापरली आणि मरताना त्याच्या हाती दिली.

त्या पावसाळ्यात सुभानजी शेवाळलेल्या तटावरून घसरला. उजवा गुडघा मोडला. वैद्याने हाड बसवले, पण पाय वाकडा जुळला. काठीशिवाय उभे राहणे सरले.

गडाचा रिवाज कडक होता. दर रथसप्तमीला दरीपलीकडे मडके टांगत. प्रत्येकाला दोन गोळ्या मिळत. दोन्ही चुकल्या की बंदूक कोठीत जमा व्हायची आणि माणूस गड उतरायचा. मग तो कितीही जुना असो.

रथसप्तमीला महिना उरला होता. सुभानजी रोज माचीवर एकटा जाई. काठी बगलेत दाबून उभा राही आणि बार काढी. गोळी कधी झाडात जाई, कधी आभाळात.

तुम्ही म्हणाल, मग बसून का नाही नेम धरला? धरला असता. पण गडावरच्या बंदूकवाल्यांत एक बोलणे होते. "बसून भाकरी थापतात, बंदूक चालवत नाहीत." जो बसला त्याला मरेपर्यंत आचारी म्हणत. सुभानजीनेच दोघांना ते नाव ठेवले होते.

एके सकाळी बाराच्या धक्क्याने तो काठीसकट मागे पडला. कोणीतरी हसले.

माचीवर ठमाबाई पाथरवटीण बसली होती. घरोघरच्या जात्या-पाट्यांना टाकी लावून द्यायचे तिचे काम. पाटा गुळगुळीत झाला की त्याच्यावर वाटण होत नाही. मग ती छिन्नी-हातोडीने त्याच्यावर बारीक खाचा पाडी.

"दात काढायला काय झालं?" सुभानजी उठता उठता म्हणाला.

"बंदूक चांगली आहे, दादा. जोतं डुगडुगतंय आणि तुम्ही भिंत सावरताय."

"तुला काय कळतं ग बंदुकीतलं?"

"काही नाही. मला बसण्यातलं कळतं. चाळीस वर्षं बसतेच आहे."

सुभानजीने इकडेतिकडे पाहिले. माचीवर दुसरे कोणी नव्हते. तो बसला.

बसला खरा, पण बंदूक आणखीच हलू लागली. ठमाबाई पाटा बाजूला ठेवून जवळ आली.

"कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलंत. गोटीवर गोटी राहील का? घरंगळणारच. कोपर पुढं घ्या, गुडघ्याच्या पलीकडं. दंडाचं मांस गुडघ्यावर टेकू द्या. टाचा मातीत रुतवा. आणि मागं कशाला रेलताय? पुढं झुका."

त्याने तसे केले. वाकडा पाय आपोआप उभा दुमडला गेला. जो पाय उभे राहू देत नव्हता, तो बंदुकीला खांबासारखा कामी आला. सुभानजीचे कपाळ सैल झाले.

"उद्या या," तो म्हणाला.

"उद्या मला गडावरची घरं करायची आहेत. इथं आले तर माझा दिवस बुडेल."

"मी कोणाचं फुकट घेत नाही. दिवसाला दिवस देईन. जितके दिवस तुमचे जातील तितके दिवस तुमची झोळी उचलीन."

तो 'तू' वरून 'तुम्ही' वर आला होता. ठमाबाईने ते ऐकले. पण ती झोळीवरच हसली. "गडाचा नेमबाज माझी झोळी उचलणार?"

"बोललो ना."

ती सात दिवस आली. चार दिवस बैठकीतच गेले. तिने त्याला बार काढू दिला नाही. फक्त बसायचे, बंदूक टेकवायची, उठायचे, पुन्हा बसायचे. तो वैतागला. "मी बंदूक शिकतोय की बसफुगडी?" ती म्हणाली, "फुगडी जमली तर बंदूक जमेल."

पाचव्या दिवशी त्याने समोर एक मडके टांगले आणि बार सुरू झाले. गोळी मडक्याच्या आसपास जाऊ लागली, पण मडके फुटेना. सुभानजी दात आवळून नळी मडक्यावर ओढून धरी. हात थरथरत. चाप दाबला की नळी निसटे.

ठमाबाईने त्याला आपल्यासमोर बसवले आणि पाट्यावर छिन्नी ठेवली. "माझ्या डोळ्यांकडं बघा," ती म्हणाली.

हातोडी पडली. पडतानाच तिने डोळे मिटले होते. पुन्हा पडली, पुन्हा मिटले. खाचा मात्र एका ओळीत, पेरल्यासारख्या.

"कपची उडते. डोळे उघडे ठेवले तर आंधळी होईन. म्हणून घाव मिटल्या डोळ्यांनी. बैठक बरोबर असली तर छिन्नी जायची तिथंच जाते. नसली तर डोळे फाडून बघितलं तरी पाटा फुटतो. आता तुम्ही बंदूक धरा, डोळे मिटा, अंग सैल सोडा. श्वास सोडा. आता उघडा."

त्याने डोळे उघडले. नळी मडक्यावर नव्हती. हातभर डावीकडे, एका बोरीकडे बघत होती.

"तुमचं अंग त्या बोरीकडं बसलंय," ठमाबाई म्हणाली. "तुम्ही जोर लावून मडक्याकडं ओढता. जोर सुटला की अंग बोरीकडं जातं. नळी ओढू नका. बूड सरकवा."

सुभानजी बोटभर सरकला. डोळे मिटले, उघडले. पुन्हा सरकला. चौथ्या वेळी डोळे उघडले तेव्हा नळीसमोर मडके आपण होऊन येऊन उभे होते.

रथसप्तमीला सगळा गड दरीच्या काठावर जमला. सुभानजीचे नाव पुकारले. तो पुढे आला, काठी खाली ठेवली आणि बसला.

आधी कोणाला कळेना. मग हशा उसळला. बंदूकवाल्यांचा जमादार ओरडला, "अरे, आचाऱ्याला परात आणा! पीठ आणा!" मग तो किल्लेदाराकडे वळला. "हे चालायचं नाही, सरकार. बंदूकवाला उभा असतो."

किल्लेदार म्हातारा होता आणि कमी बोलणारा होता. "गोळी कुठं लागते ते मी बघतो. माणूस कुठं टेकतो ते नाही. चालू दे."

हशा थांबला नाही. सुभानजीचे कान तापले. लवकर मडके फोडावे आणि सगळ्यांची तोंडे बंद करावीत असे त्याला झाले. त्याने नळी मडक्यावर ओढली आणि चाप दाबला.

धूर विरला. मडके टांगलेलेच होते.

आता एकच गोळी. ती चुकली की बापाची बंदूक कोठीत.

त्याने दारू ठासली, गोळी सारली. बैठक घेतली. टाचा रुतवल्या. आणि डोळे मिटले.

"झोप लागली काय, आचारीबुवा?" जमादार म्हणाला.

सुभानजीने डोळे उघडले. नळी मडक्याच्या उजवीकडे होती. त्याने नळीला हात लावला नाही. सगळ्या गडासमोर तो ढुंगणावर बोटभर सरकला. लोक पोट धरून हसले. त्याने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा मडके समोर होते. त्याने अर्धा श्वास सोडला आणि चाप इतका हळू दाबला की बार झाला तेव्हा तो स्वतःच दचकला.

दरीपलीकडे दोरी रिकामी झुलत होती.

किल्लेदार उठला. "बंदूक तुझीच," तो म्हणाला आणि पुढचे नाव पुकारायला सांगितले.

त्या वर्षी आणखी दोन म्हातारे बंदूकवाले बसले. त्यांना कोणी आचारी म्हटले नाही.

हे ध्यानात ठेवा: नेम चुकला तर नळी ओढू नये, आधी आपली बैठक बदलावी.

दुसऱ्या दिवशी उजाडता सुभानजी ठमाबाईच्या छपरापाशी गेला. "झोळी द्या," म्हणाला.

"राहू द्या हो दादा. तुमचा मान आता..."

"झोळी."

तिने दिली. एका हातात काठी, खांद्याला छिन्न्या-हातोड्यांची झोळी. तो लंगडत तिच्या मागे गडावर हिंडला. ठमाबाईचा घसा बसला होता, म्हणून आरोळीही त्यानेच दिली. "जात्याला टाकी, पाट्याला टाकी!" बायका दारात आल्या आणि तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या.

दरवाजाजवळ जमादार उभा होता. "सुभानजी, बढती मिळाली वाटतं!"

"मिळाली. तुमच्या घरचा पाटा गुळगुळीत झालाय म्हणे. लावायची का टाकी?"

 संध्याकाळी जमादाराच्या बायकोने पाटा बाहेर काढून ठेवला.

असे सात दिवस झाले. सातव्या दिवशी दिवस मावळताना सुभानजीने झोळी छपराखाली ठेवली.

"सात," तो म्हणाला.

ठमाबाईने झोळी आत ओढली. "फिटले."