सुलसेने कोरलेलं गलबत

एका बंदराच्या गावी नवा राजा आला. इंद्रबाहू त्याचं नाव. जुन्या राजाला लढाईत हरवून आलेला. आल्या आल्या त्याने हुकूम सोडला, जुन्या राजाचं एकही नाणं गावात दिसायला नको. सगळी टांकसाळीत आणा आणि त्यांच्यावर माझा चेहरा ठोका.

टांकसाळीत ठसे कोरायची सुलसा. आणि बरं का, जुन्या राजाचा चेहरा कोरला होता तिच्या नवऱ्याने. तो वारला होता. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तरी बिचारीने नवा ठसा कोरला.

मग राजासमोर जुनं नाणं ऐरणीवर ठेवलं, वर ठसा धरला, हातोडा मारला. नवा चेहरा उठला, पण शेजारी जुन्या राजाचा कान तसाच. दुसरं नाणं घेतलं, त्यात जुना डोळा राहिला. तिसऱ्याला जोरात हाणलं, तर नाणंच चिरलं.

"हा माणूस जात का नाही?" राजाने विचारलं.

सुलसा म्हणाली, "महाराज, दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली होती. लोक हे नाणं देवापाशी ठेवतात."

"मग माझं कशासाठी ठेवतील?"

"ते मला कोरता येत नाही, महाराज."

राजा उठून गेला.

मग काय झालं, समुद्रात वादळ उठलं. एक परदेशी गलबत खडकावर आपटलं. होडी घालायचं कुणाचं धाडस होईना. तेव्हा राजा स्वतः होडीत बसला. मग त्याच्यामागे सगळे निघाले. बावीस माणसं जिवंत काढली.

त्या गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता थिओन. तो टांकसाळीत आला. म्हणाला, "बाई, तुमची अक्षरं आमच्याकडे कुणाला वाचता येत नाहीत. राजाचं नाव आमच्या अक्षरांत कोराल?" त्याने कोळशाने फरशीवर लिहून दिलं. सुलसेला त्यातलं एकही अक्षर कळेना. तिने नुसत्या रेघा बघून कोरलं. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती दोन्हीकडची अक्षरं. दुसऱ्या बाजूला लाटांवरचं गलबत.

राजाने ते नाणं हातात घेतलं, गलबतावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाई, जुनी नाणी ज्याची त्याला परत द्या. दोन्ही चालू देत."

सुलसेने पदराने डोळे पुसले.

मग ती गलबताची नाणी समुद्रापार गेली. तिकडच्या बंदरात लोक राजाचं नाव वाचायचे आणि पोरांना सांगायचे, याने आपली माणसं वाचवली. इकडेही सगळे सुखात राहिले. आता पांघरूण घ्या बघू, आणि मिटा डोळे.